मधली दोन दारं

मिलवॉकीतल्या आमच्या घरापासून
हे हॉटेल अठरा मिनिटांवर.
अठरा मिनिटं, आणि आम्ही पाहुणे
आमच्याच गावात.

उणे चोवीसच्या रात्री माळ्यावरचा पाइप फुटला,
स्वयंपाकघराचं छत
भिजल्या पापडासारखं खाली आलं.
नानाच तळघरात उतरले, कॉक बंद केला,
पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.
म्हणाले, बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली,
पाणी कधी अंगावर आलं नव्हतं.

विमा कंपनीनं दोन खोल्या दिल्या,
नऊशे चौदा, नऊशे सोळा.
मधल्या भिंतीत एक दार,
म्हणजे दोन दारं,
पाठीला पाठ लावून उभी.
आपलं आपण उघडायचं, पलीकडचं पलीकडच्यानं.
दोन्ही उघडली तरच वाट.
निहारला हा खेळ फार आवडला.
तो स्नोबूट फटीत अडकवून ठेवी,
दार मिटू नये म्हणून,
आणि रात्रभर गालिच्यावर
मिठाचा पांढरा डाग सुकत राही.

फोडणी नाही. छतातला तो लाल डोळा
अख्ख्या मजल्याला उठवील.
किटलीतलं पाणी रव्यावर ओतून सांजा,
कागदी पेल्यात, लाकडी चमच्यानं.
खाली दंतवैद्यांचं अधिवेशन.
लिफ्टमध्ये गळ्यात बिल्ले घातलेल्या एकानं
नानांना विचारलं, आपण कुठल्या राज्यातून?
सातारा जिल्हा, नाना म्हणाले,
आणि आपली कवळी
थोडी जास्तच दाखवली.

खोली आवरायला डेल्फिना येते.
चौथ्या दिवशी तिनं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं, हळूच म्हणाली,
तुझे वडील पलंगाच्या डाव्या कडेला झोपतात.
उजवी उशी जशी ठेवते तशीच सापडते.
मी चादर बदलू की राहू दे?
मला माहीत नव्हतं.
घरी त्यांची खोली जिन्याच्या टोकाला,
अंथरुण ते स्वतः काढतात, मी उठायच्या आधी.
आईला जाऊन चौदा महिने झाले.
राहू दे, म्हटलं.

सहाव्या रात्री पराग आणि मी भांडलो,
छताचे पैसे, त्याची रजा, माझी रजा,
कुजबुजत, दात आवळून,
निहार जागा होऊ नये म्हणून.
मी बूट उचलला, आमचं दार लावलं.

पाच वाजता पलीकडची कडी वाजली.
मग काहीच नाही.
दोन दारांच्या मधे वीतभर जागा असते,
तिथे एक माणूस उभा आहे
हे कसं कळतं?
चपलेवरून. श्वासावरून.
चहाच्या पेल्याचं झाकण हलतं त्यावरून.
मी अंथरुणात पडून ऐकत राहिले.
उठायला दोन पावलं होती.
त्यांनी टकटक केली नाही,
त्यांनी आयुष्यात कुणाच्या दारावर केलेली नाही.
कडी परत वाजली.

सकाळी नाश्त्याला म्हणाले,
झोप लागली का गं?
लागली, म्हटलं. तुम्हाला?
लागली की.
निहार माझ्याकडे बघत होता.
त्या रात्री त्यानं दोन्ही बूट अडकवले.

बाराव्या दिवशी घरी आलो.
नवं छत, ओल्या रंगाचा वास,
भिंतीला कुठे सुतारानं पेन्सिलीनं लिहिलेले आकडे
पुसायचे राहिलेले.
मी आधी तेल तापवलं, मोहरी टाकली,
तडतड ऐकत नुसतीच उभी राहिले,
पराग मागून येऊन
कढीपत्त्याची डहाळी हातात देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर
निहार एका पायात मोजा, एका पायात बूट
असा घरभर हिंडला.
दुसरा बूट वर सापडला,
नानांच्या दाराच्या फटीत.
बर्फ विरघळून फरशीवर ओघळ आलेला,
आणि नाना, चष्मा कपाळावर,
गुडघ्यावर हात टेकून वाकलेले,
उतार कुठल्या बाजूला आहे
ते बघत.